नादारीच्या अर्जात काय राहते, काय जाते: एका शेतकरी-सुताराचे प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले दुष्काळी गाव. कर्जदार 47 वर्षांचा, धंद्याने सुतार, शिवाय स्वतःच्या नावावर 40 गुंठे जिरायत. लाकडाची बिले थकल्यावर वखारवाल्याने दावा लावला, हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) मिळवला आणि तो अंमलात आणण्यासाठी दरखास्त दाखल केली. कोर्टाचा बेलिफ जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालाच्या जप्तीचे वॉरंट घेऊन आला. त्याने यादीत प्लॅनर मशीन, दोन म्हशी, टीव्ही आणि फ्रिज लिहिला. कपाटातले दागिनेही लिहायला घेतले, तेव्हा घरात रडारड झाली. प्रकरण नमुना म्हणून जुळवलेले आहे, माणूस कुणी एक नाही. त्यातली प्रत्येक अडचण मात्र तालुक्याच्या दिवाणी कोर्टात नेहमी दिसणारी आहे.

अशा वेळी कर्जदाराला एक वाट उरते: नादारीचा अर्ज, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असे कोर्टाला सांगून मालमत्ता सोपवायची आणि उरलेल्या देण्यांतून मुक्तता मागायची. त्यासाठी आधी कायदा कुठला ते ठरवू. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. बाकीच्या सामान्य माणसाला आजही जिल्ह्यात 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आणि मुंबई शहरात 1909 चा जुना कायदा लागतो. या प्रकरणात 1920 चा. त्याचे कलम 28(5) सांगते की दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेली मालमत्ता नादाराच्या मालमत्तेत धरायचीच नाही. म्हणजे सगळा खेळ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 वर येतो. जप्तीत जे वाचते तेच नादारीत वाचते. अपवाद हिशेबाच्या वह्यांचा: जप्तीत त्या सुटतात, नादारीत त्या रिसीव्हरकडे (नादाराची मालमत्ता ताब्यात घेऊन विकायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) द्याव्याच लागतात.

कर्जे अशी: वखारवाल्याचा हुकूमनामा व्याज-खर्चासह 4,20,000. बँकेचे विनातारण वैयक्तिक कर्ज 3,00,000, त्याला एक शिक्षक जामीनदार. सातबाऱ्यावर बोजा असलेले पीककर्ज 1,80,000. छोट्या टेम्पोवर फायनान्स कंपनीचे 2,35,000. पत्नीच्या पाटल्यांवर सोनेतारण 90,000. नातेवाइकांचे हातउसने 1,50,000. आणि गावातल्या विनापरवाना सावकाराचे 1,00,000. बेरीज 14,75,000.

घर वाचते की नाही, हे शेतीवर ठरते

चार खोल्यांचे घर, किंमत साधारण 6,00,000, कुठलाही बोजा नाही. या प्रकरणातली सगळ्यात मोठी वस्तू हीच. कलम 60(1)(ग) ला, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या खंड 'सी'ला, राहते घर वाचवायचे आहे, पण सरसकट सगळ्यांचे नाही. मालक शेतकरी, मजूर किंवा घरगडी असला पाहिजे आणि तो स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे. दुकानदाराचे किंवा नोकरदाराचे एकुलते एक घरही या खंडात बसत नाही. अनेकांना हे जप्ती आल्यावरच कळते.

शेतकरी कोण, याची व्याख्या कलम 60 च्याच स्पष्टीकरणात आहे: जो जमीन स्वतः कसतो आणि ज्याचा चरितार्थ मुख्यतः शेतजमिनीच्या उत्पन्नावर चालतो, मग तो मालक असो, कूळ असो, भागीदार असो की शेतमजूर. घरच्या माणसांच्या कष्टाने किंवा मजुरी देऊन कसलेली जमीनही स्वतः कसलेली धरली जाते. मजुरी पिकाच्या हिश्शाने दिली तर ती धरली जात नाही. खरी कसोटी 'मुख्यतः' या शब्दात आहे.

आपल्या कर्जदाराचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न पाहा. स्वतःच्या 40 गुंठ्यांतून 70,000. एका नातेवाइकाची विहिरीवरची दीड एकर खंडाने, म्हणजे वर्षाला ठरलेले पैसे देऊन, कसायला घेतली आहे, त्यात भाजीपाला, त्यातून 1,00,000. सुतारकामातून 1,20,000. दुधातून 40,000. एकूण 3,30,000, त्यात शेतजमिनीचे 1,70,000, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. दुधाचे पैसे शेतजमिनीचे उत्पन्न आहे का यावर वाद होऊ शकतो, म्हणून ते हिशेबात धरलेले नाहीत. तेवढ्यानेही तो शेतकरी ठरतो.

पण खंडाची जमीन काढून टाका. शेतीचे 70,000 उरतात, सुतारकाम 1,20,000 वर तसेच राहते, आणि माणूस सुतार ठरतो. 6,00,000 चे घर रिसीव्हरकडे जाते. आणि खंडाची जमीन सिद्ध करणे हेच सगळ्यात अवघड, कारण खंड तोंडी असतो. जमीनमालक कागद द्यायला तयार नसतो, कूळ लागेल ही भीती. सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत मालकाचेच नाव लागते.

अशा वेळी पुरावा बाजूने जमवावा लागतो. बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या कर्जदाराच्या नावावर आहेत का, हे पहिले पाहायचे. पट्टीवर तारीख, माल, वजन आणि नाव असते, त्यामुळे एक एकर जिरायतीत निघणार नाही एवढा टोमॅटो किंवा वांगी विकल्याचे त्यातून दिसते. मग कृषी सेवा केंद्राची खत-औषधांची बिले, रोपवाटिकेच्या पावत्या, मालकाला दिलेल्या खंडाची ऑनलाइन नोंद, शेजारच्या बांधाच्या शेतकऱ्याचे शपथपत्र. मालक साक्षीला आला तर उत्तमच, पण त्याच्यावर विसंबून बसू नये.

वखारवाल्याचा वकील दुसऱ्या बाजूने येतो. तो बँक खात्याचा उतारा मांडतो: सुतारकामाच्या नावाने वर्षाला 5,50,000 जमा, शेतीचे जमा त्याच्या निम्मेही नाहीत. उत्तर असे की त्या 5,50,000 मध्ये लाकूड, प्लाय, बिजागऱ्या, रंग आणि मदतनिसाची मजुरी आहे. चरितार्थ निव्वळ उत्पन्नावर चालतो, उलाढालीवर नाही. हे उत्तर तोंडी चालत नाही, खरेदीची बिले जोडावी लागतात. बिले न ठेवलेला कारागीर इथे हरतो, आणि हरण्याचे कारण कायदा नसून रिकामी फाईल असते.

दोन गोष्टी आणखी. पुढची खोली किराणा दुकानाला भाड्याने दिली असती तर तेवढा भाग 'राहत्या' घरात बसला नसता. आणि घर गहाण टाकले असते तर शेतकरीपण सिद्ध करूनही उपयोग नव्हता, कारण कलम 60 जप्तीपासून वाचवते, गहाणाच्या हुकूमनाम्यातल्या विक्रीपासून नाही. याउलट, वखारवाल्याने उधारीच्या बाँडवर 'कायद्याने मिळणाऱ्या सर्व सवलती मी सोडून देतो' असे लिहून घेतले होते, ते कलम 60(1ए) मुळे रद्दबातल आहे. सूट सहीने सोडता येत नाही, ती गहाणाने जाते.

शेतजमीन जप्त होते

'शेतकऱ्याची जमीन कुणी घेऊ शकत नाही' असा पक्का समज आहे. त्याचे मूळ बहुधा बँकांच्या 2002 च्या सरफेसी कायद्यात आहे: त्या कायद्याखाली शेतजमिनीच्या तारणावर कारवाई होत नाही. पण तो एका विशिष्ट वसुलीच्या रस्त्यापुरता अपवाद आहे. कलम 60 शेतकऱ्याचे घर, औजारे, गरजेपुरती जनावरे आणि बियाणे वाचवते. जमीन त्या यादीत नाही. दिवाणी कोर्ट ती जप्त करू शकते, आणि नादारीत ती रिसीव्हरकडे जाते.

40 गुंठ्यांची किंमत गुंठ्याला 9,000 प्रमाणे 3,60,000. त्यावर पीककर्जाचा बोजा 1,80,000, तो आधी फिटतो. तारण घेतलेल्या धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) हक्काला कलम 28(6) मुळे नादारीत धक्का लागत नाही. उरलेले 1,80,000 बाकीच्यांसाठी. प्रत्यक्षात लिलावात याहून कमी येईल, कारण महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यपणे शेतकऱ्यालाच घेता येते आणि गावातल्या गावात बोली लावणारे मोजकेच असतात.

जमीन गेल्यावर तो शेतकरी उरतो का, हा प्रश्न समोरचा वकील हमखास टाकतो. खंडाची दीड एकर चालू आहे आणि व्याख्येत कूळही येते, म्हणून मुद्दा अगदीच निसटत नाही; पण खंडाचे 1,00,000 सुतारकामाच्या 1,20,000 हून कमी आहेत, म्हणून इथे बाजू नाजूक होते. अडत्याच्या पट्ट्या इथे दुसऱ्यांदा कामाला येतात.

हत्यारे, मशीन, म्हशी

रंधे, करवती, पटाशा, हँड ड्रिल, राउटर असे 45,000 चे सामान 'कारागिराची हत्यारे' म्हणून सुटते. तो शेतकरी आणि कारागीर दोन्ही असू शकतो; एक सूट घेतली म्हणून दुसरी जात नाही. 90,000 ची विजेवरची मोठी प्लॅनर मशीन मात्र वादात सापडते. कर्जदार स्वतःच्या हाताने एकटा ती चालवत असेल तर बाजू जमते. इथे मदतनीस ती चालवतो आणि गावातल्या इतर सुतारांचे लाकूडही रंधून देऊन पैसे घेतो. तेव्हा ती कारागिराचे हत्यार न राहता धंद्याचे यंत्र ठरण्याचीच शक्यता अधिक. या प्रकरणात ती गेलेली धरली आहे. शेडमधले 40,000 चे लाकूड कच्चा माल आहे, त्याला सूट नाहीच.

म्हशींबाबत कायदा आकडा देत नाही. शेतकरी म्हणून पोट भरायला 'कोर्टाच्या मते' जितकी जनावरे गरजेची, तितकी. बैलजोडी असती तर प्रश्न सोपा होता. दुभत्या म्हशीसाठी शेणखत शेतात जाते, चारा शेतातून येतो, म्हणजे ती शेतीचाच भाग आहे, असे मांडावे लागते. दोन्ही मागितल्या तर कोर्ट विचारते की दुसरी कशाला. आपण एक राहिली आणि 70,000 ची दुसरी गेली असे धरू.

टेम्पोची किंमत 2,10,000, कर्ज 2,35,000. नजरगहाण (गाडी कर्जदाराच्या ताब्यात ठेवून घेतलेले तारण) असल्याने गाडी फायनान्स कंपनी उचलते आणि कमी पडलेले 25,000 विनातारण देण्यात धरले जातात. मोटरसायकल 30,000, टीव्ही-फ्रिज 20,000: कलम 60 मध्ये यांना जागा नाही. भांडी, अंथरुण-पांघरूण, आवश्यक कपडे सुटतात, त्यावर कुणी भांडतही नाही.

दागिने, विमा, पीएफ

मंगळसूत्र आणि जोडवी धार्मिक रूढीने स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही, ते दागिने वगळलेले आहेत. बाकीच्या दागिन्यांचा युक्तिवाद निराळा आहे आणि तो गोंधळून चालत नाही: ते पत्नीचे स्त्रीधन आहे, म्हणून कर्जदाराची मालमत्ताच नाही. इथे कलम 60 ची सूट मागायची नाही, मालकी सांगायची. हरकत पत्नीने स्वतःच्या नावाने, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 नियम 58 खाली द्यायची. लग्नातले फोटो, माहेरच्या सराफाची पावती, आईवडिलांचे शपथपत्र जोडायचे. माल विकला गेल्यावर किंवा मुद्दाम उशीर केल्यावर हरकत ऐकली जात नाही, म्हणून बेलिफ यादी करून गेला की त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. सोनेतारणातल्या पाटल्या पत्नीच्या असल्या तरी तिच्या संमतीने ठेवलेल्या आहेत. 90,000 भरल्याशिवाय त्या परत येत नाहीत.

आयुर्विमा पॉलिसीचे सरेंडर मूल्य (मुदतीआधी बंद केल्यास मिळणारी रक्कम) 85,000. कर्जदाराच्या आयुष्यावरच्या पॉलिसीखाली मिळणारे पैसे सुटतात. पॉलिसी कर्जासाठी कुणाच्या नावे केली असती तर गोष्ट वेगळी होती. एमआयडीसीतल्या जुन्या नोकरीचे पीएफ 1,35,000 आहे, ते 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम 10 ने जप्तीपासून संरक्षित आहे.

आणि नेमके इथेच लोक चुकतात. जप्तीच्या धास्तीने पीएफ काढतात, बचत खात्यात टाकतात आणि तिथून मेहुण्याचे हातउसने फेडतात. निधीत असताना कुणाचा हात पोहोचत नव्हता ते पैसे खात्यातल्या इतर रकमेत मिसळल्यावर कुठले कोणते हे सांगणे अवघड होते. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी मुदत ठेवीत टाकली तरी तिचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता प्रकरणात म्हटले आहे. तरी प्रत्येक रकमेसाठी कोर्टात झगडण्यापेक्षा निधीला हात न लावणे किंवा निदान वेगळे खाते ठेवणे कितीतरी सोपे.

जे आधीच देऊन टाकले

कर्जदाराने 14 महिन्यांपूर्वी गावठाणातली 90,000 ची मोकळी जागा नोंदणीकृत बक्षीसपत्राने भावाला दिली होती. आणि अर्जाच्या दोन महिने आधी मेहुण्याला 50,000 परत केले होते, तेही बाकीच्यांना एक पैसा न देता. पहिले 1920 च्या कायद्याच्या कलम 53 मध्ये येते: हस्तांतरापासून दोन वर्षांत दाखल झालेल्या अर्जावर नादारी जाहीर झाली तर मोबदल्याशिवायचे हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. दुसरे कलम 54 मध्ये: तीन महिन्यांच्या आत एका धनकोला झुकते माप देण्यासाठी दिलेले पैसे. दोन्ही परत येतात. मेहुण्याचे देणे मात्र पुन्हा उभे राहते आणि तो इतरांच्या रांगेत बसतो.

हे व्यवहार अर्जात स्वतःहून लिहावेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला बक्षीसपत्राचा शोध वखारवाल्याला काही मिनिटांत लागतो. लपवलेली मालमत्ता सापडली तर कलम 69 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज आणि त्याचा वेळ

कलम 10 प्रमाणे देणी किमान 500 रुपयांची हवीत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात अटक झालेली हवी, किंवा जप्तीचा हुकूम चालू हवा. इथे पहिली आणि तिसरी अट पुरी होते. कलम 13 ची यादी मात्र नीट करावी लागते: प्रत्येक धनकोचे नाव-पत्ता-रक्कम, प्रत्येक मालमत्ता कुठे आहे आणि किती किमतीची, आणि सूट असलेल्या वस्तू सोडून बाकी सगळे कोर्टाच्या स्वाधीन करायला तयार असल्याचे निवेदन. सूट मागायच्या वस्तूही किमतीसह, कलम 60 मधल्या लागू खंडाचा उल्लेख करून, वेगळ्या परिशिष्टात लिहाव्यात. 'घरातील सामान' एवढेच लिहिले की पुढे प्रत्येक वस्तूवर भांडण होते. सावकाराचे नावही द्यायचे, पण देणे नाकारून. परवाना नसलेल्या सावकाराला 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली हुकूमनामा मिळत नाही.

अर्ज टाकला म्हणजे जप्ती थांबली, असे होत नाही. अर्ज दाखल करून घेतला गेला की त्याची प्रत दरखास्त चालू असलेल्या कोर्टात तातडीने द्यायची. विक्रीआधी ती पोहोचली तर कलम 52 खाली कोर्टाच्या ताब्यातला माल रिसीव्हरकडे वळवता येतो. धनकोंच्या दाव्यांना खरा लगाम नादारी जाहीर झाल्यावर, कलम 28(2) ने बसतो. अटकेपासून संरक्षणाचा अर्ज कलम 31 खाली वेगळा करावा लागतो. घरखर्चासाठी कलम 66 खाली मालमत्तेतून भत्ता मागता येतो. हा अर्ज फार थोडे लोक करतात.

आता हिशेब. जमिनीचे उरलेले 1,80,000, गावठाणातली जागा 90,000, मशीन 90,000, म्हैस 70,000, मेहुण्याकडून परत 50,000, लाकूड 40,000, मोटरसायकल 30,000, टीव्ही-फ्रिज 20,000, खात्यातली शिल्लक 12,000: एकूण 5,82,000. देणे असे: हुकूमनामा 4,20,000, बँक 3,00,000, हातउसने 1,50,000, टेम्पोचे 25,000, मेहुणा 50,000, मिळून 9,45,000. सावकार वगळून. रुपयामागे साधारण 61 पैसे, लिलावाचा आणि रिसीव्हरचा खर्च वजा केल्यावर 55 च्या आसपास.

या आकड्याला महत्त्व आहे. नादारीतून मुक्तता मागताना मालमत्ता विनातारण देण्यांच्या रुपयामागे 50 पैशांहून कमी भरली, तर कलम 42 कोर्टाला पूर्ण मुक्तता नाकारायला सांगते, अपवाद फक्त स्वतःचा दोष नसल्याचे पटवून दिले तर. भावाची जागा आणि मेहुण्याचे पैसे परत आले नसते तर 4,42,000 ला 8,95,000, म्हणजे 49 पैसे. नातेवाइकाकडे सरकवलेल्या मालमत्तेने कर्जदाराचीच मुक्तता अडवली असती. मुक्ततेचा अर्ज नादारीच्या हुकुमात दिलेल्या मुदतीतच करायचा; चुकला तर कलम 43 खाली नादारीच रद्द होऊ शकते. आणि मुक्तता मिळेपर्यंत वारसाने काही आले तर तेही रिसीव्हरचे.

हाच माणूस एखाद्या कंपनीचा वैयक्तिक हमीदार असता, तर चित्र बदलले असते. 2019 च्या नियमांप्रमाणे बोजा नसलेले एक घर शहरात 20 लाखांपर्यंत आणि ग्रामीण भागात 10 लाखांपर्यंत, रूढीचे दागिने 1 लाखापर्यंत सुटतात, धंद्याला लागणारी गाडीसुद्धा. तिथे शेतकरी असल्याचे सिद्ध करायची गरज नाही. मुंबईत 1909 च्या कायद्यात हत्यारे, कपडे, भांडी आणि सामान मिळून मर्यादा 300 रुपये लिहिलेली आहे. एकाच देशात एवढी तफावत, हा सरळ अन्याय आहे.

राहिला शिक्षक जामीनदार. कर्जदार सुटला तरी कलम 44(3) जामीनदाराला सोडत नाही. 3,00,000 मधले बँकेला नादारीत जे मिळेल ते वजा करून बाकी त्याच्याकडून वसूल होते. दिवाणी हुकूमनाम्यात त्याच्या पगाराची जप्ती अशी: जप्त न होणारे भत्ते वगळून पगार 46,000 धरला, तर पहिले 1,000 आणि उरलेल्या 45,000 चे दोन-तृतीयांश, म्हणजे एकूण 31,000 सुटतात. महिन्याला 15,000 कापले जाऊ शकतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी सलग किंवा तुटक मिळून 24 महिनेच. त्यानंतर त्याच हुकूमनाम्यासाठी पगाराला हात लावता येत नाही, आणि ही मुदत संपल्याचा अर्ज त्याने स्वतः दरखास्तीत द्यायचा असतो. कर्ज पतसंस्थेचे असते आणि त्याने सहकार कायद्याच्या कलम 49 खाली पगार कपातीची संमती दिली असती, तर त्या कपातीला हा हिशेब जसाच्या तसा लावता आला नसता. जामीन राहताना त्या एका कागदावर सही आहे का, हे म्हणून आधी पाहायचे.